बांबू झाड की गवत?

नोकरीत असेपर्यंत मी दरवर्षी मुलांना शिकवत आलो की बांबू हे झाड नाही, गवत आहे. उंच वाढले म्हणून जात बदलत नाही. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला झाडांत बसवले होते, आणि त्यापायी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गोंड गावाला केवढे भांडावे लागले!

गाव धानोरा तालुक्यातले, मेंढा (लेखा). जवळच्या जंगलातून जळण, बांबू, मोहफुले आणण्याचे गावाचे निस्तार हक्क जुने. जमीनदारी गेली, जंगल सरकारचे झाले आणि त्यातला बांबू करारावर कागद कारखान्याकडे जाऊ लागला. म्हणजे टोपलीपुरता बांबू तोडणारा चोर आणि ट्रक भरून नेणारा कंत्राटदार!

ऐंशीच्या दशकातल्या धरणविरोधी आंदोलनानंतर गावाने कारभार हाती घ्यायचे ठरवले. देवाजी तोफा गावातले, मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून आलेले मित्र. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तुम्ही ऐकली असेल. मला त्याहून त्यांच्या सभेची रीत आवडते. मतदान नाही, सर्वसहमती. एकाचा जरी विरोध असला तरी निर्णय थांबतो, पुन्हा बसायचे. शिवाय कायदा समजून घ्यायला वेगळा अभ्यासगट. (आमच्या इमारतीत टाकी धुण्यावरसुद्धा एकमत होत नाही, ते असो.)

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनउपज म्हटले. २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी वाहतुकीचा परवाना वनखाते देईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. बांबू कायद्याने गवत ठरला नाही, पण गावाचा झाला.

याहून मोठी गोष्ट २०१३ सालची. गावाने ग्रामदानाचा ठराव केला. शेतजमीन ग्रामसभेच्या नावावर, कसणार मात्र ज्याचे त्याचे कुटुंब. अंमलबजावणीसाठी पुढे हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाची पायरी चढावी लागली.

हे सारे मी धाकट्या भावाला फोनवर उत्साहाने सांगितले. आपण दिला असता का रे सातबारा, असेही विचारले. तो म्हणाला, "दादा, आधी आपल्या बांधाचं बघ." चुलतभावांशी त्या हातभर बांधावरून चाललेला वाद आमच्या वडिलांच्या वेळचा आहे. मोजणी अजून व्हायची आहे.