अहमदनगरची नजरकैद-छावणी आणि ल्यूथरपंथी मंडळ्यांतील अधिकाराचा वाद

अहमदनगर शहराचें नांव (अलीकडे सरकारनें तें अहिल्यानगर केलें आहे) इतिहासाच्या वाचकांस निजामशाही, चांदबिबीचा लढा, इ. स. १८०३ मधील वेलस्लीचा हल्ला आणि १९४२ च्या चळवळींतील पुढाऱ्यांची स्थानबद्धता एवढ्या गोष्टींनीं परिचित आहे. याच शहराचा आणखी एक संबंध आमच्याकडे फारसा चर्चेंत येत नाहीं. पहिल्या महायुद्धांत येथील लष्करी छावणींत जे जर्मन नागरिक अडकवून ठेविले होते, त्यांत हिंदुस्थानांतील जर्मन मिशनांचे पाद्रीहि होते. ते येथें तारेच्या कुंपणाआड बसले असतां, तिकडे रांचीस व त्रांकेबारास (तमिळ लोक याला तरंगंपाडी म्हणतात) त्यांच्या मंडळ्यांपुढें प्रश्न उभा राहिला कीं, साहेब गेले, आतां मंडळीचा अधिकारी कोण? या प्रश्नाचें उत्तर युद्धानें दिलें असें सामान्यतः समजलें जातें. प्रस्तुत लेखकास तें अपुरें वाटतें. उत्तर त्या पंथाच्या पावणेचारशें वर्षांच्या जुन्या मतपत्रांतच पडून होतें. युद्धामुळें तें बाहेर काढणें भाग पडलें.

प्रथम छावणीविषयीं. नगरास परदेशी कैदी आणण्याची ही पहिलीच वेळ नव्हे. इ. स. १९०१ पासून दक्षिण आफ्रिकेंतील बोअर युद्धकैदी येथें ठेविले होते. तेहि प्रॉटेस्टंटच, परंतु कॅल्विनच्या शाखेचे. ऑगस्ट १९१४ मध्यें युद्ध सुरू झालें तेव्हां पुष्कळशा जर्मन मिशनऱ्यांना वचनावर मोकळें ठेवण्यांत आलें. १९१५ च्या मे महिन्यांत 'ल्यूसिटानिया' जहाज बुडविलें गेलें, इंग्रजी लोकमत खवळलें, आणि सरकारचें धोरण कडक झालें. लढाऊ वयाचे पुरुष नगरच्या छावणींत, आणि बायकामुलें, वृद्ध व कित्येक दीक्षित पाद्री 'गोलकोंडा' जहाजानें युरोपास, अशी वाटणी १९१५ च्या अखेरीस व १९१६ मध्यें झाली. राहिलेल्यांचें हाल-अपेष्टांचें व कंटाळ्याचें जिणें युद्ध संपेपर्यंत चाललें. १९१७ मध्यें आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या प्रतिनिधींनीं हिंदुस्थान व ब्रह्मदेशांतील छावण्या पाहिल्या, त्यांत नगरचीहि होती.

सरकारी दप्तरांत हे सारे नुसते 'जर्मन' होते. परंतु बासेल मिशन हें ल्यूथरन व रिफॉर्म्ड या दोन्ही शाखांना पोटांत घेणारें, आणि लाइप्झिग मिशन हें ल्यूथरच्या मतपत्रांपासून तसूभर न ढळणारें. प्रभुभोजनाच्या अर्थाविषयीं या दोघांचें एकमत होणें कठीण. दप्तरांत हा भेद नव्हता, आणि या लेखाचा विषय तर नेमका त्या भेदांतूनच निघतो.

मतपत्रनिष्ठ ल्यूथरपंथी म्हणजे कोण, हें येथें सांगितलें पाहिजे. इ. स. १५३० मध्यें ऑग्सबर्ग येथें बादशहा पांचव्या चार्लसपुढें जें मतपत्र वाचलें गेलें, तें व तत्सम इतर लेख एकत्र करून १५८० मध्यें 'एकमताचा ग्रंथ' प्रसिद्ध झाला. हे लेख शास्त्रवचनांशीं जुळतात म्हणून बंधनकारक आहेत असें जो मानतो, व पाळकपदाची दीक्षा घेतांना त्यांशीं आपणांस बांधून घेतो, तो मतपत्रनिष्ठ. ऑग्सबर्गच्या पत्रांतील दोन कलमें आपल्या प्रश्नाच्या मुळाशीं आहेत. सातव्याचा आशय असा कीं, शुभवर्तमानाची शिकवण व संस्कारांचें योग्य आचरण यांविषयीं एकमत असलें म्हणजे मंडळीच्या ऐक्यास तेवढें पुरें. मनुष्यांनीं घालून दिलेले रीतिरिवाज सर्वत्र एकसारखे असण्याचें कारण नाहीं. चौदाव्याचा आशय असा कीं, रीतसर बोलावणें झाल्यावांचून कोणीं मंडळींत जाहीर शिकवूं नये व संस्कार देऊं नयेत.

मौज अशी कीं, हें बोलावणें कोणीं करावयाचें याचा खुलासा त्या कलमांत नाहीं. त्यामुळें जर्मन संस्थानांत राजेच मंडळीचे श्रेष्ठ अधिकारी होऊन बसले. स्वीडनांत बिशपांची परंपरा अखंड चालली. आणि अमेरिकेंतील मिसूरी सिनडनें तो अधिकार मुळांत स्थानिक मंडळीचा आहे असें प्रतिपादन केलें. तिघेहि एकाच मतपत्राचें नांव घेत. मिसूरीचें मत हिंदुस्थानांतहि आलें होतें: शास्त्राच्या ईश्वरप्रेरितत्वाच्या प्रश्नावर लाइप्झिगशीं बेबनाव होऊन बाहेर पडलेले नेथर व मोन हे दोघे १८९५ मध्यें त्या सिनडच्या वतीनें कृष्णगिरीस येऊन राहिले. परंतु एकंदरींत पाहतां हिंदुस्थानांत राजाची जागा घेतली ती मिशनच्या समितीनें, आणि समिति बसे ती बर्लिनला किंवा लाइप्झिगला. देशी पाळक नव्हते असें नाहीं. त्रांकेबारास त्सीगेनबाल्ग व प्लुत्शाउ १७०६ मध्यें उतरले, आणि १७३३ मध्यें आरोन नांवाच्या तमिळ गृहस्थास तेथें दीक्षा मिळाली. पाळक देशी झाला, मात्र त्याला बोलावणारा, पगार देणारा व बदली करणारा देशी झाला नाहीं.

रांचीची हकीकत अधिक बोधप्रद आहे, म्हणून तिच्याकडे जरा विस्तारानें पाहूं. बर्लिनचा योहान्नेस गॉस्नर यानें पाठविलेले चार मिशनरी २ नोव्हेंबर १८४५ रोजीं रांचीस पोंचले. पहिले चार उरांव १८५० मध्यें बाप्तिस्मा पावले आणि पुढें उरांव, मुंडा, खडिया लोकांत मंडळी झपाट्यानें वाढली. गॉस्नर १८५८ मध्यें वारला. त्याच्या मागें बर्लिनची समिति व रांचींतील जुने मिशनरी यांचें पटेना. समितीनें नवे तरुण लोक पाठविले, त्यांचें जुन्यांशीं पटेना. शेवटीं १८६९ मध्यें बाट्श प्रभृति जुने मिशनरी हजारों अनुयायांसह इंग्लंडच्या मंडळींत गेले. कलकत्त्याचे बिशप मिलमन रांचीस आले व त्यांनीं या मिशनऱ्यांना नव्यानें दीक्षा दिली. त्यांच्यासमवेत विल्हेल्म ल्यूथर दाऊदसिंह या देशी ख्रिस्त्यासहि दीक्षा मिळाली. ल्यूथरचें नांव घेतलेला मनुष्य इंग्लिश बिशपाच्या हातून दीक्षित व्हावा हा योग मोठा चमत्कारिक खरा.

या 'नव्यानें' शब्दांतच सर्व वादाचें मर्म आहे. अँग्लिकन मतानें बिशपाच्या हस्तस्पर्शावांचून दीक्षा पूर्ण होत नाहीं. तेव्हां वीस-वीस वर्षें ज्यांनीं बाप्तिस्मे दिले व प्रभुभोजन वाटलें, त्यांचा अधिकार अपुरा होता असें मान्य केल्यासारखें झालें. जे ल्यूथरपंथांत राहिले त्यांच्या मनांत हा सल राहिला असल्यास नवल नाहीं.

सेहेचाळीस वर्षांनीं, १९१५ मध्यें, तोच प्रसंग दुसऱ्या रूपानें आला. जर्मन मिशनरी धरले गेले तेव्हां गॉस्नर मिशनच्या शाळा वगैरे कामांची देखरेख सरकारनें छोटानागपूरचे अँग्लिकन बिशप फॉस वेस्टकॉट यांच्याकडे सोंपविली. वेस्टकॉट हे सज्जन गृहस्थ होते व अडचणीच्या काळांत त्यांनीं काम सांभाळलें, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु शाळा ज्याच्या हातीं, पैसा ज्याच्या हातून येणार, त्याच्याच मंडळींत जावें हें व्यवहारी माणसास सोपें वाटलें असतें. देशी पाळकांना पगार मिळण्याची भ्रांत होती. नगरांत किंवा समुद्रापार असलेल्या आपल्या जुन्या गुरूंचा सल्ला घेणें शक्य नव्हतें. तरीहि ता. १० जुलै १९१९ रोजीं त्या मंडळीनें आपण स्वतंत्र ल्यूथरपंथी मंडळी आहों असें जाहीर केलें. हनूक दत्तो लाकडा अध्यक्ष व पीटर हुरद कार्यवाह झाले.

याला कोणी आदिवासी अस्मितेचें फळ म्हणतील, कोणी जर्मन गुरूंवरील निष्ठेचें. दोन्ही कारणांत तथ्य असेल. पण निष्ठाच असती तर गुरु परत येण्याची वाट पाहिली असती; आणि नुसती अस्मिताच असती तर ल्यूथरचें नांव ठेवण्याची गरज नव्हती. त्यांनीं नांव ठेवलें व वाट पाहिली नाहीं, याची संगति चौदाव्या कलमाशिवाय लागत नाहीं: बोलावण्याचा अधिकार मंडळींत असेल, तर मिशनरी कैदेंत असोत वा बर्लिनला, मंडळी अपुरी नाहीं.

त्रांकेबारकडे गोष्ट निराळ्या वाटेनें गेली. लाइप्झिगच्या कामाची जबाबदारी तटस्थ राष्ट्राच्या स्वीडिश मिशननें उचलली. ता. १४ जानेवारी १९१९ रोजीं तमिळ ल्यूथरपंथी मंडळी स्थापन झाली, व १९२१ मध्यें तिनें बिशपपद निर्माण करून अर्न्स्ट ह्यूमन या स्वीडिश गृहस्थास त्यावर बसविलें. जर्मन परंपरेंत वाढलेल्या लोकांना बिशप कशाला, हा प्रश्न स्वाभाविक होता. सातव्या कलमाप्रमाणें उत्तर असें कीं, बिशप असला तरी चालेल, नसला तरी चालेल. मात्र बिशपावांचून मंडळीच नाहीं असें कोणी म्हणूं लागला तर तें चालणार नाहीं. येथवर ठीक. परंतु ह्यूमननंतर बेक्सेल, त्यानंतर सांडेग्रेन, असे त्या पीठावर स्वीडिश बिशपच येत गेले, आणि पहिला हिंदी बिशप राजा मणिक्कम हा १९५६ मध्यें आला. म्हणजे घटना देशी होऊन सदतीस वर्षें झालीं तेव्हां गादी देशी झाली. रांचीस बिशप नव्हता, पण अध्यक्ष पहिल्या दिवसापासून तेथलाच होता. पदाचें नांव काय यावर वाद घालणाऱ्यांनीं हे आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून पाहावेत.

मालमत्तेचा प्रश्न राहिला. व्हर्सायच्या तहाच्या ४३८ व्या कलमानें असें ठरलें कीं, जर्मन मिशनांची मिळकत त्याच धर्मकार्यास लावावी व त्या त्या मिशनच्या मताच्या विश्वस्तांच्या स्वाधीन करावी. तहावर सह्या झाल्या २८ जून १९१९ रोजीं, आणि रांचीची घोषणा त्यानंतर बारा दिवसांनीं. एकाचा परिणाम दुसरें असें आम्ही म्हणत नाहीं. पण 'त्याच मताचे' या दोन शब्दांमुळें मतपत्राला अकस्मात् कायद्याचें वजन आलें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

आतां कुंपणाबाहेरचें नगर. येथील अमेरिकन मराठी मिशन कॉंग्रिगेशनल पंथाचें, डिसेंबर १८३१ पासूनचें. 'ज्ञानोदय' पत्र १८४२ मध्यें येथेंच निघालें. या पंथांत पाळक निवडण्याचा अधिकार प्रत्येक मंडळीचा असतो. वरिष्ठ बिशप नाहीं, कीं सही करावयाचा ग्रंथ नाहीं. हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना १८५४ मध्यें पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि त्याच सुमारास अमेरिकेहून आलेले रूफस अँडरसन यांनीं देशी मंडळीनें आपला खर्च, कारभार व प्रसार आपणच चालवावा या तत्त्वावर जोर दिला. कागदावर ही व्यवस्था ल्यूथरपंथी मंडळ्यांच्या साठ-पासष्ट वर्षें पुढें होती. प्रत्यक्षांत थैली मिशनची असल्यामुळें शब्दहि मिशनचाच चाले. ग्रंथ नसला म्हणजे समितीच ग्रंथ होते, याचा अनुभव खुद्द मिशनऱ्यांनाहि आला: नगरचे रॉबर्ट ह्यूम १८८६ मध्यें अमेरिकेंत असतां, शुभवर्तमान न ऐकतां मेलेल्यांना मरणोत्तर संधि मिळेल या मताकडे झुकले, म्हणून समितीनें त्यांना परत धाडण्यास कांहीं काळ हरकत घेतली.

नारायण वामन टिळकांनीं १९१७ मध्यें मिशनची नोकरी सोडली व 'देवाचा दरबार' उभारण्यास निघाले. मिशनच्या छायेखालीं ख्रिस्ताचें देशी रूप उमलत नाहीं असें त्यांना वाटत होतें. त्याच वेळीं नगरच्या छावणींत असे लोक बसले होते कीं, ज्यांच्या गैरहजेरींत त्यांच्या मंडळ्या तोच प्रश्न सोडवीत होत्या. टिळकांना कवीची व भक्ताची वाट दिसली. रांचीकरांना सभेची व ठरावाची. टिळक ९ मे १९१९ रोजीं वारले, रांचीच्या घोषणेपूर्वीं दोन महिने. दरबार त्यांच्या मागें टिकला नाहीं. रांचीची मंडळी टिकली आहे. ठराव भक्तीपेक्षां श्रेष्ठ असें यावरून कोणीं समजूं नये, परंतु टिकण्याचें काम ठरावच करतो.

नगरच्या मंडळ्या १९२४ मध्यें उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळींत व १९७० मध्यें नागपुरास स्थापन झालेल्या उत्तर भारताच्या मंडळींत गेल्या, आणि तेथें त्यांना बिशप मिळाला. ल्यूथरपंथी मंडळ्या त्या एकीकरणाबाहेर राहिल्या.

सप्टेंबर १९३९ मध्यें जर्मन पाद्री पुन्हां नगरास आले. डार्लिंग यांच्या चौकशीनंतर बरेचसे कांहीं महिन्यांत सुटले, १९४० च्या मे महिन्यांत पुन्हां धरले गेले. पुढें छावणी देवळालीस व तेथून डेहराडूनास हालली, आणि कित्येक कुटुंबांस पुरंदर किल्ल्यावर व साताऱ्यास ठेवण्यांत आलें. रांचीच्या मंडळीस या वेळीं स्वतःची घटना व सभा होती, आणि १९२६ मध्यें झालेला ल्यूथरपंथी मंडळ्यांचा हिंदी संघ पाठीशीं होता.