सिरपूरचा तलाव : बांधणे आणि राखणे

तलाव बांधणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. तो राखणाऱ्याची आठवण मात्र क्वचितच कोणी ठेवतो. इंदूर शहराच्या पश्चिमेस, धारकडे जाणाऱ्या रस्त्यालगत सिरपूरचा तलाव आहे. त्याची हकीकत पाहिली म्हणजे या दोन कामांपैकी अवघड कोणते, हे सहज ध्यानी येते.

इंदूरला मोठी नदी नाही. कान्ह आणि सरस्वती हे दोन लहान प्रवाह शहरात एकत्र येतात आणि पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळतात. उन्हाळ्यात त्यांचा भरवसा धरता येत नसे. म्हणून होळकरांच्या राजवटीत शहराच्या परिसरात तलाव राखले गेले. सिरपूर त्यांपैकी एक. पुढे गंभीर नदीवर यशवंतसागर बांधण्यात आला. पावसाचे पाणी अडवावे, ते वर्षभर पुरवावे, आणि त्यासाठी पाळ, सांडवा व पाणी येण्याचे ओहोळ यांवर नजर ठेवावी, हा त्या काळचा व्यवहार होता.

त्याच काळात, प्लेग आणि हिवतापाच्या साथींनी गांजलेल्या या शहरात पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे नगररचनाकार आले. इंदूर दरबारास त्यांनी सादर केलेला अहवाल 1918 साली प्रसिद्ध झाला. हिवतापाच्या भयाने गावोगावची तळी बुजविण्याकडे तेव्हाच्या अधिकाऱ्यांचा कल होता. गेडिस यांना तो मान्य नव्हता. तळे स्वच्छ ठेवावे, त्यात मासे व बदके असू द्यावीत, म्हणजे डासांच्या अळ्यांचा बंदोबस्त आपोआप होतो, असे त्यांचे म्हणणे होते. दोष पाण्याचा नसून हेळसांडीचा आहे, हा त्यामागील विचार आजही शिळा झालेला नाही.

इंदूर गिरण्यांचे आणि व्यापाराचे शहर म्हणून वाढत गेले. तलावांचे पाणी अपुरे पडू लागले. 1970 साली नर्मदेच्या पाण्यासाठी नागरिकांनी मोठे आंदोलन केले, आणि त्या दशकाच्या अखेरीस सुमारे 70 किलोमीटर अंतरावरून, डोंगर चढवून, नर्मदा शहरात आली. तहान भागली, हे उपकार मोठेच होते. परंतु त्याचबरोबर एक गोष्ट नकळत घडली. ज्या पाण्यावर घर चालते त्याची चौकशी घरातील माणूस रोज करतो. नळ सुरू झाल्यावर जवळच्या तलावांची चौकशी करणारे उरले नाहीत. सिरपूरच्या भोवती वस्ती दाटली, सांडपाणी आत शिरू लागले, जलपर्णी पसरली आणि काठच्या जमिनीवर अतिक्रमणे होऊ लागली.

या अवस्थेत गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात काही पक्षिप्रेमी नागरिकांनी तलावाची बाजू घेतली. चित्रकार व छायाचित्रकार भालू मोंढे हे त्यांत अग्रभागी होते. 2016 साली त्यांना पद्मश्री हा सन्मान लाभला. तलाव महापालिकेचा, तेव्हा नागरिकांनी पाहणी व पाठपुरावा करावयाचा आणि पालिकेने काम करावयाचे, अशी ही सावकाश चाललेली वाटचाल होती.

अशा कामात चांगल्या हेतूनेही चुका होतात. तलाव सुधारावयाचा म्हणजे तो सर्वत्र खोल खणावा, भोवती दगडी भिंत उभारावी आणि फिरावयास रस्ता काढावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सिरपूर हे उथळ पाणथळ आहे; भर पावसाळ्यातही त्याची खोली फार तर 2 मीटर असते. चिखलाळ काठावर चरणाऱ्या पक्ष्यांना आणि अंडी घालणाऱ्या माशांना हाच उथळपणा हवा असतो. उभ्या भिंतीच्या हौदात पाणी राहील. पाणथळ राहणार नाही. दुसरी गोष्ट सांडपाण्याची. त्यातील नत्र व स्फुरद यांमुळे शेवाळ व जलपर्णी माजते. ती कुजली म्हणजे पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे मरतात. म्हणून जलपर्णी उपसणे हा तात्पुरता इलाज आहे. खरा इलाज नाल्याच्या तोंडाशी करावा लागतो.

या प्रयत्नांना मान्यता मिळाली. 2022 साली सिरपूर आणि यशवंतसागर या दोन्ही जलाशयांचा समावेश रामसर स्थळांच्या यादीत झाला. इराणमधील रामसर येथे 1971 साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारावरून हे नाव पडले आहे. सिरपूरचे संरक्षित क्षेत्र सुमारे 161 हेक्टर असून तेथे पक्ष्यांच्या 130 जातींची नोंद आहे. 2025 च्या जानेवारीत या करारान्वये इंदूर व उदयपूर या दोन शहरांना ‘पाणथळ शहर’ म्हणून मान्यता मिळाली. भारतातील ही पहिलीच दोन शहरे होत.

तथापि मानपत्र म्हणजे कुंपण नव्हे. सांडपाणी आणि वाढती वस्ती यांचा धोका रामसरच्या नोंदीतही नमूद आहे. 2011 च्या जनगणनेतच इंदूरची लोकसंख्या वीस लाखांच्या घरात पोहोचली होती, आणि तलावाकाठच्या जमिनीचे मोल त्यानंतर वाढतच गेले. पहिल्या पावसात ओहोळांतून तलावात येणारे पाणी शेतामाळाचे आहे की गटाराचे, हे दरवर्षी कोणीतरी जाऊन पाहावे लागते. होळकरांच्या काळी हे पाहणे गरजेपोटी होत असे. आता शहराची तहान दूरची नर्मदा भागवते. म्हणून ते कर्तव्यबुद्धीने करावे लागेल. ते होईल तोवरच हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदके सिरपूरला उतरतील.