काचबंद ओसरीसाठी साहित्य कोणते घ्यावे

ग्वाल्हेरच्या थंडीत घरातल्या ज्येष्ठांना उन्हात बसता यावे म्हणून आपल्यापैकी अनेक जण ओसरी काचबंद करून घेतात. पण तीच खोली मे महिन्यात भट्टी होते, म्हणून आधी छताचा विचार करावा. डिसेंबरअखेर इथे भर दुपारी सूर्य जेमतेम 40 अंश वर असतो, जूनमध्ये जवळजवळ डोक्यावर. म्हणून काच दक्षिणेला, वर पक्के छत आणि पुढे दोन फुटांचा छज्जा असावा. पश्चिमेला काच नकोच.

छत पारदर्शकच हवे असेल, तर लॅमिनेटेड काच घ्यावी. फुटली तरी तुकडे मधल्या थराला चिकटून राहतात. टफन्ड काचेचे तुकडे बोथट असले तरी खाली कोसळतात, त्यामुळे ती दारे-खिडक्यांपुरती ठीक. ती नंतर कापता येत नाही, तेव्हा माप चौकट बसल्यावरच द्यावे. पॉलिकार्बोनेट हलके आणि स्वस्त; अतिनील किरण अडवणारी बाजू वर ठेवावी, नाहीतर ते लवकर पिवळे पडते.

चौकटीला अ‍ॅल्युमिनियम टिकते पण तापते, यूपीव्हीसीतून उष्णता कमी येते. सागवान देखणेच, पण वाळवीचे काय ते आपण जाणतो. समोरासमोर उघडणाऱ्या दोन जाळीच्या खिडक्या मात्र कुठल्याही खर्चात बसवाव्यात.