मागच्या सीटवरचा उन्हाळा

मोटारीतला एसी नेमका कोणासाठी बनवलाय? चालवणाऱ्यासाठी, असं आपण धरूनच चालतो. डॅशबोर्डवर चार व्हेंट, चारही पुढच्या दोघांच्या तोंडावर, आणि बटणंही त्यांच्याच हाताशी. मागे बसणाऱ्यांनी, म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा आई, आजी आणि पोरंटोरं, यांनी उरलंसुरलं गार वारं घ्यायचं. पण मंडळी, सुरुवात अगदी उलटी झाली होती.

१९३९ च्या शेवटी अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने आपल्या १९४० च्या मॉडेलसाठी कारखान्यातूनच बसवून मिळणारा एसी जाहीर केला. जादा किंमत २७४ डॉलर. हवा गार करणाऱ्या यंत्राचं सगळं बिऱ्हाड डिकीत! गार हवा यायची मागच्या सीटच्या पाठीमागून. आधी मागच्यांच्या मानेवर, मग उरली तर पुढे. थर्मोस्टॅट नाही, कॉम्प्रेसरला क्लच नाही. एसी पूर्ण बंद करायचा तर इंजिन थांबवा, बॉनेट उघडा आणि कॉम्प्रेसरचा पट्टा काढून ठेवा. (सर्व्हर हँग झाला की सरळ प्लग उपटणारे आमचे काही मित्र आठवले.) दोनेक वर्षांत पॅकार्डने हा नाद सोडला.

युद्धानंतर, १९५३ मध्ये, जनरल मोटर्सने कॅडिलॅकसारख्या गाड्यांत पुन्हा डिकीतलाच एसी दिला. फक्त या वेळी मागच्या काचेजवळून पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळ्या वर छतात नेल्या आणि हवा डोक्यावरून सोडली. हे छताचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि मग १९५४ मध्ये आली नॅश. (नाशिकशी काही संबंध नाही, कंपनीचं नावच नॅश!) तिने हीटर आणि एसी एकत्र करून सगळं बॉनेटखाली आणि डॅशबोर्डात बसवलं. किंमत ३४५ डॉलर, डिकी मोकळी, पाईप आखूड, खर्च कमी. इंजिनिअर म्हणून मी याला शंभर मार्क देईन. पण त्या दिवसापासून गारवा पुढे सरकला तो सरकलाच. अमेरिकेत ते खपूनही गेलं, कारण तिथे गाडी विकत घेणाराच गाडी चालवत होता.

आपल्याकडे तसं नव्हतं. अँबॅसिडरमध्ये साहेब मागे, पांढऱ्या टॉवेलवर बसलेले, आणि ड्रायव्हर पुढे. मालक गेला तरी कुटुंब होतंच. मारुती ८०० आली १९८३ च्या डिसेंबरात. मागे तीन माणसं आणि मांडीवर एक हा तिचा सर्वमान्य लोड. या गाड्यांत एसी आला तो पुढेच.

आमच्या व्यवसायात याला सेन्सर चुकीच्या जागी लावणं म्हणतील. ज्याला सगळ्यात जास्त गार लागतं त्याच्याच हातात बटण. पुण्याहून नाशिकला मे महिन्यात जाताना संगमनेरच्या आसपास पुढून बाबा म्हणणार, "फारच गार झालंय, कमी करतो." मागे आजी पदराने मान पुसतेय. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "मला नाही बाई काही होत." मागचा माणूस तक्रार करत नाही, म्हणून त्याला उकडत नाही असं ठरतं. आणि पाठमोऱ्या बेबी सीटमधलं तान्हं बाळ तर सांगूही शकत नाही. त्याच्या आणि व्हेंटच्या मध्ये पुढच्या सीटची आणि त्याच्या स्वतःच्या सीटची अशा दोन पाठी उभ्या असतात.

या गोष्टीचे दोन अंक आपल्या नाशकातच घडले. महिंद्राच्या सातपूरच्या कारखान्यात २००७ मध्ये रेनोबरोबर लोगान बनू लागली. मागे तीन माणसं खरोखर ऐसपैस बसतील अशी रुंद गाडी, पण मागे व्हेंट नाही. त्याच नाशिकमधून ३ सप्टेंबर २०१८ ला माराझ्झो बाजारात आली. तिच्या छतात मधोमध, लांबीच्या दिशेने, मागच्या दोन रांगांसाठी व्हेंट होते. हवा थेट अंगावर घ्या नाहीतर पसरून घ्या, अशी सोय. जाहिरातीत नवलाई म्हणून मिरवली, आणि आपल्याकडे ती होतीही. पण डोक्यावरून हवा सोडायची कल्पना कॅडिलॅकमध्ये ६५ वर्षांपूर्वी येऊन गेली होती.

मधल्या काळात लोकांनी काय केलं? काचांना काळी फिल्म लावली. तीही सर्वोच्च न्यायालयाच्या २७ एप्रिल २०१२ च्या निकालानंतर खरवडावी लागली. मागच्यांच्या मांडीवरचं ऊन परत आलं.

बर्फाचा उपायही जुनाच. १९३४ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या फ्रंटियर मेलच्या डब्याखाली बर्फाच्या लाद्या ठेवून पंख्याने हवा आत सोडत. गाडीत थर्माकोलचा खोका आणि पंखा ठेवून हे करणारे अजून भेटतात, म्हणून हिशोब मांडून पाहिला. दहा किलो बर्फ तासाभरात वितळला तर जेमतेम एक किलोवॅट गारवा मिळतो. गाडीचा एसी साधारण चार-पाच किलोवॅट देतो. रेल्वे वाटेत स्टेशनवर लाद्या बदलून घ्यायची. आपण घोटीला कुठे शोधणार?

त्यापेक्षा आहे तोच एसी नीट वापरलेला बरा. उन्हात तापलेली गाडी काढताना पहिली दोनेक मिनिटं चारही काचा खाली. आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी गरम असते, तिला आधी जाऊ द्या. मग काचा बंद, हवा आतल्या आत फिरवायचं बटण चालू. मधले दोन व्हेंट तोंडावर न ठेवता वर छताकडे वळवा, म्हणजे गार हवा दोन सीटच्या मधून मागे जाऊन खाली उतरते. आणि तापमान वाढवलं तरी चालेल, पण पंखा कमी करू नका. मागे हवा पोचते ती पंख्याच्या जोरावर.

एसीच बंद पडला तर ओला पंचा. काच थोडी उघडी ठेवून खिडकीत अडकवायचा. लिटरभर पाणी वाफ होताना किलोभर बर्फ वितळण्याच्या सुमारे सातपट उष्णता घेऊन जातं, आणि नाशिकचा एप्रिल कोरडा असल्याने हे झकास चालतं. अमेरिकेच्या वाळवंटात लोक याच तत्त्वाचे कूलर गाडीच्या खिडकीला टांगून फिरत. फक्त मुंबईला निघाला असाल तर कसारा घाट उतरला की पंचा काढून ठेवा. शहापूरपासून पुढे हवेतच इतकी वाफ असते की पंचा नुसता टपकत बसतो.