प्रश्न आधी, प्रवास नंतर : घरच्या इतिहासपाठास पूरक स्थलदर्शन

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यात चुडावा हे लहानसे रेल्वे स्थानक आहे. पूर्णा व नांदेड यांच्या दरम्यान, निजामाच्या राजवटीत घातलेल्या मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर ते येते. याच मार्गाने पश्चिमेकडे निघाले असता परभणी, जालना, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) व दौलताबाद ही स्थानके क्रमाने लागतात. चुडाव्यासारख्या गावातील बालकाला प्राचीन महाराष्ट्राचा आणि आपल्या मुक्तिसंग्रामाचाही इतिहास ज्या स्थळी प्रत्यक्ष पाहता येईल, ती स्थळे अशा रीतीने एका लोहमार्गाने जोडलेली आहेत. या सोयीचा उपयोग आपण कसा करतो, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

मुलांना घरी इतिहास शिकविणारे पालक आज आपल्यात आहेत. मार्च २०२० नंतर शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या, तेव्हा अनेक घरांत आईवडिलांनाच शिक्षक व्हावे लागले, आणि काही घरांतून तो परिपाठ पुढेही चालू राहिला. विहारांतील रविवारच्या वर्गांतही इतिहासाचे पाठ होतात. या पाठांना जोड म्हणून सहली निघतात, हे स्तुत्यच होय. परंतु सहल निघते ती बहुधा स्थळांची यादी घेऊन. एका दिवसात चार ठिकाणे, धावती नजर, छायाचित्रे, भोजन आणि परत. मुलांना लेणी 'मोठी होती' एवढेच आठवते. दोष मुलांचा नाही. काय शोधावयाचे हे ठरविल्यावाचून त्यांना तेथे नेले गेले, हे त्याचे कारण आहे.

या संदर्भात सुत्तनिपाताच्या पारायनवग्गातील कथेचे स्मरण करणे उचित ठरेल. धर्मानंद कोसंबी यांच्या अनुवादामुळे हा ग्रंथ मराठी वाचकांस परिचित आहे. बावरी नावाचा ब्राह्मण आचार्य कोसल देश सोडून दक्षिणेस आला आणि अस्सकाच्या प्रदेशात, गोदावरीच्या तीरी राहू लागला. भगवान बुद्धांची वार्ता कानी येताच त्याने आपले सोळा शिष्य उत्तरेकडे धाडले. ते प्रतिष्ठानाहून, म्हणजे आजच्या पैठणहून, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती असा प्रवास करीत अखेर मगधातील पाषाणक चैत्यापाशी पोहोचले. गोदावरीकाठच्या माणसांनी केलेल्या अभ्यासप्रवासाचे याहून प्राचीन वर्णन प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही.

या प्रवासाची आखणी पाहण्यासारखी आहे. निघण्यापूर्वी बावरीने शिष्यांना काय पाहावयाचे व काय विचारावयाचे ते सांगितले होते. तेथे पोहोचल्यावर अजितापासून पिंगियापर्यंत प्रत्येकाने स्वतःचा प्रश्न विचारला. एकाचा प्रश्न दुसऱ्याने उसना घेतला नाही. आणि प्रवास संपल्यावर वृद्ध पिंगिय परत आला व जे पाहिले, जे ऐकले ते त्याने बावरीला निवेदन केले. प्रश्न, दर्शन आणि निवेदन या तीन पायऱ्या होत. घरच्या इतिहासपाठासाठी स्थलदर्शनाची आखणी याच तीन पायऱ्यांवर करावी, असे येथे सुचवावयाचे आहे.

पहिला पाठ सातवाहनकाळाचा घेऊ. पाठ्यपुस्तकात राजांची नावे असतात. लेणी कोणी कोरविली असे मुलास विचारले, तर 'राजाने' हेच उत्तर येते. प्रवासापूर्वी घरी हाच प्रश्न द्यावा : लेण्यांसाठी दान कोणी दिले? मग कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्यास जावे. इ. स. पूर्व काळात कोरण्यास आरंभ झालेली ही लेणी सह्याद्रीच्या सातमाळा रांगेत, एका घळीत आहेत. तेथील शिलालेखांत प्रतिष्ठानच्या मितदेव नामक गंधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या, कुळाने दिलेल्या स्तंभाची नोंद आहे. संघकाच्या पुत्रांचेही दान आहे. राजवैद्य मगिल, त्याचा पुत्र दतक व कन्या दता यांचीही नावे आहेत. येथे सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर ती कण्हदास नावाच्या सुवर्णकाराने घडविल्याचे कोरलेले आहे. ती मूर्ती आता नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अत्तराचा व्यापारी, वैद्य, वैद्याची मुलगी, सोनार! इतिहास घडविणाऱ्यांच्या यादीत कोण कोण येते, हे बालकाला येथे खांबापाशी उभे राहून कळते. ही लिपी ब्राह्मी आहे. मुलांना घरी चार-पाच ब्राह्मी अक्षरे आधीच गिरवून घ्यावीत, म्हणजे दगडावरील एखादे अक्षर स्वतः ओळखण्याचा आनंद त्यांना मिळेल.

दुसरा पाठ वेरूळचा. तेथील चौतीस लेण्यांपैकी क्रमांक १ ते १२ ही बौद्ध, १३ ते २९ ही हिंदू व ३० ते ३४ ही जैन आहेत. सर्व लेणी एका दिवसात पाहण्याचा हट्ट धरू नये. भिक्षुसंघ कसा राहत होता, हा एकच प्रश्न घेऊन तीन लेणी पाहिली तरी पुरे. पाचव्या लेण्यात लांबच लांब दगडी बैठकांच्या दोन ओळी आहेत. तेथे भिक्षू भोजनास बसत असतील की अध्ययनास, याचा तर्क मुलांनाच करू द्यावा व त्याचे कारणही विचारावे. दहावे लेणे चैत्यगृह आहे. त्याच्या छतास दगडातच लाकडी फासळ्यांसारखा आकार दिला आहे. दगडाला अशा फासळ्यांची गरज नसताना त्या का कोरल्या असतील? आरंभीच्या काष्ठवास्तूंची आठवण शिल्पींनी दगडात जपली, हे उत्तर काही वेळाने मुले स्वतःच देतात. बारावे लेणे तीन मजली आहे. खोल्या व सभागृहे मोजून तेथील वस्तीचा अंदाज करता येतो.

तिसरा पाठ औरंगाबादहून वेरूळला जाताना वाटेतच लागतो, आणि प्रस्तुत लेखाचा मुख्य आग्रह त्याविषयी आहे. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सहकाऱ्यांनी सहलीस जाण्याची इच्छा व्यक्त केली. वेरूळची बौद्ध लेणी पाहावयाचीच, असे ठरले. सुमारे तीस जणांचा हा मेळावा दौलताबादच्या किल्ल्यापाशी आला. रमजानचा महिना होता. प्रवासाने सर्वांची अंगे धुळीने माखली होती. वेशीबाहेर पाण्याने भरलेला लहानसा हौद होता. काहींनी तेथे हातपाय व तोंड धुतले. तोच एक वृद्ध मुसलमान, अस्पृश्यांनी हौद बाटविला असे ओरडत आला. लोक जमले, शिवीगाळ सुरू झाली. बाबासाहेबांनी त्यांस विचारले की, तुमचा धर्म हेच शिकवितो काय, आणि एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही पाणी घेऊ देणार नाही काय? जमाव निरुत्तर झाला. शेवटी किल्ल्यात प्रवेश मिळाला तो आत कोठेही पाण्याला स्पर्श न करण्याच्या अटीवर, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी एक सशस्त्र शिपाई बरोबर देण्यात आला.

हा वृत्तांत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला असून तो 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या पुस्तिकेत आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती १९९० साली प्रसिद्ध केली. त्याच पुस्तिकेच्या आरंभी १९०१ सालच्या बालपणीच्या प्रवासाची हकीकत आहे. मसूर स्थानकावर उतरलेल्या त्या भावंडांना गाडी व पाणी मिळणेही कठीण झाले होते. चुडाव्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या मुलांना ही हकीकत सांगावी. तिच्यासाठी याहून योग्य जागा नाही.

दौलताबादच्या हौदाविषयी काही पथ्ये मात्र पाळली पाहिजेत. हा प्रसंग एका धर्माच्या लोकांविषयी द्वेष पेरण्यासाठी सांगावयाचा नाही. हिंदूंना अस्पृश्य असलेला मनुष्य मुसलमानास व पारशासही अस्पृश्य ठरतो, म्हणजे हा रोग समाजात किती दूरवर पसरला होता, हे दाखविणे हा बाबासाहेबांचा हेतू होता. म्हणून कालक्रमाची मांडणी घरीच करून घ्यावी. मुंबई विधिमंडळात बोले ठराव १९२३ साली संमत झाला. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी घेण्यात आले. तळ्याच्या खटल्याचा उच्च न्यायालयातील निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. दौलताबादचा प्रसंग घडला तेव्हा तो वाद न्यायालयात चालूच होता. शिवाय मुंबई इलाख्यातील ठराव निजामाच्या राज्यात लागू नव्हता. आणि आपले परभणी, चुडावा हे सर्व त्याच राज्यात होते. त्या राज्याचा अंत १७ सप्टेंबर १९४८ रोजी झाला. २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव व स्नानघाट यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून आडकाठी करण्यास मनाई केली, आणि सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेदांची ही वाक्ये मुलांनी वहीत उतरवून न्यावीत व किल्ल्याच्या वेशीपाशी मोठ्याने वाचावीत. संविधान ही कोणत्या अनुभवातून आलेली वस्तू आहे, हे तेथे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आखणीविषयी काही व्यावहारिक सूचना. वेरूळची लेणी मंगळवारी व अजिंठ्याची सोमवारी बंद असतात. केंद्रीय संरक्षित स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांस प्रवेशशुल्क नाही. दौलताबाद व वेरूळ एका दिवसात होतात. पितळखोऱ्यासाठी स्वतंत्र दिवस ठेवावा व भर पावसाळा टाळावा, कारण पायऱ्या निसरड्या होतात व घळीत पाणी असते. बरोबर विजेरी, वही व पाणी असावे. चित्रांना व शिल्पांना हात लावू नये, हे मुलांना निघण्यापूर्वीच बजावावे. एका मुलाकडे एकच प्रश्न द्यावा. खर्चामुळे तिन्ही स्थळे एका वर्षात होणार नसतील तर वर्षाला एक पाहावे. घाईने पाहिलेल्या तिहींपेक्षा विचारपूर्वक पाहिलेले एक स्थळ अधिक शिकविते.

अखेरची पायरी पिंगियाची. परत आल्यावर मुलाने जे पाहिले ते घरातील अशा एखाद्या व्यक्तीस सांगावे, जिला तेथे कधीच जाता आले नाही. आपल्या बहुतेक घरांत अशी आजी असते. शेतमजुरीत आयुष्य गेलेले, लेणी ऐकून ठाऊक. पाहण्याचा योग आला नाही. तिने प्रश्न विचारावेत, नातीने उत्तरे द्यावीत. जे सांगता येणार नाही, ते पुन्हा वाचावे लागेल, आणि पुढील पाठ तेथूनच सुरू होईल.

१९३४ साली तीस माणसांनी किल्ला पाहिला तो शिपायाच्या पहाऱ्यात. त्या हौदापाशी चुडाव्याची मुले आज कोणाची परवानगी न मागता उभी राहू शकतात. हे स्वातंत्र्य कसे मिळाले, हे ठाऊक असलेल्या मुलांनी तेथे उभे राहावे, एवढ्यासाठी प्रश्न घेऊन निघावयाचे.