बंदीतली कोंबडी आणि यंत्राच्या नखुल्या

जून लागला की मिरकरवाड्याची जेटी गप्प होते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. माशांच्या विणीचे दिवस आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणं रास्तच आहेत. होड्यांवर प्लॅस्टिकचे कागद चढतात, नेपाळहून नि कर्नाटकातून आलेले खलाशी आपापल्या गावी जातात. भगवती किल्ल्यावरून खाली पाहिलं तर नुसती उभ्या होड्यांची दाटी दिसते. आणि ज्या घरात रोज ताटात एक तरी तुकडी लागते, तिथे प्रश्न पडतो... आता काय?

आमच्याकडे उत्तर ठरलेलं आहे. चिकन पास्ता! बंदीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा तरी होतोच. पोरं खूश, खर्च आटोक्यात, आणि घासायला एकच पातेलं. फक्त दरवेळी ताटं वाढली की दोन वाक्यं ऐकावी लागतात. सासरे म्हणतात, "कोंबडी ही काय दर आठवड्याला खायची वस्तू आहे?" आणि सासूबाई म्हणतात, "हे आपलं नव्हे." आता घरच्या मोठ्या माणसांना उलट उत्तर देण्यापेक्षा पुस्तकं चाळणं सोपं. म्हणून थोडं वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते मंडळी, तुमच्यापुढे ठेवतेय.

आधी सासऱ्यांचं वाक्य. त्यांचं लहानपण साठच्या दशकातलं. तेव्हा मासा हे रोजचं अन्न, तारली-बांगडा तर गरिबाघरचं. कोंबडी मात्र परसातली, मोजून ठेवलेली, अंडी देणारी. ती कापायची कधी? जावई आला, मुंबईचा चाकरमानी आला, नाहीतर राखणदाराला मान द्यायचा असला तर. कोंबडी-वडे हा सणाचा बेत होता तो उगीच नाही. गावठी कोंबडी दीडेक किलोची व्हायला पाच-सहा महिने जायचे. एवढे दिवस पोसलेला जीव कोण दर आठवड्याला पातेल्यात घालेल?

हे गणित फिरलं ते आपल्यापासून फार लांब. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' अशा नावाची एक स्पर्धाच भरवली होती. १९४८ साली तिची देशपातळीवरची अंतिम फेरी झाली. कमी दिवसांत, कमी खाद्यात, रुंद छातीची कोंबडी कोण तयार करतो अशी ती चुरस. तिथून जी वाणं पुढे आली, त्यांच्या वंशाचे पक्षी आज जगभर पोसले जातात. आपल्याकडे १९७१ साली बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, आणि पुढे पुणे हे या धंद्याचं एक मोठं ठाणं झालं. ब्रॉयलर (आपण सगळे 'बॉयलर' म्हणतो तोच!) साधारण सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो. मका आणि सोयाबीनची पेंड खाऊन. म्हणजे परसातल्या कोंबडीचे पाच-सहा महिने सहा आठवड्यांवर आले, आणि सणाची वस्तू रोजच्या बाजारात येऊन बसली.

हे सगळं फुकट झालेलं नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला. देशातली ती पहिली नोंद. लाखांनी कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. कुठे नवापूर आणि कुठे रत्नागिरी, पण त्या दिवसांत इथेही चिकनच्या दुकानावर कुत्रं फिरकत नव्हतं. एकाच जातीचे, एकाच वयाचे हजारो पक्षी एका शेडमध्ये ठेवले की रोगाला आणखी काय हवं? शिवाय बऱ्याच ठिकाणी पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, शेड मात्र शेतकऱ्याची आणि तिच्यावरचं कर्जही त्याचंच. आपल्याला स्वस्त पडतं त्यातला काही भार असा कुणीतरी उचललेला असतो. सासरे हे बोलत नाहीत, पण त्यांच्या कुरकुरीत ते कुठेतरी आहे असं मला वाटतं.

मासा उलट्या दिशेने गेला. होड्यांना इंजिनं आली, बर्फ आला, ट्रक आले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. मिरकरवाड्यात सकाळी उतरलेली सुरमई मुंबई-गोव्याच्या बाजाराशी स्पर्धा करू लागली. आमच्या रत्नागिरीतल्याच गद्रे मरीनसारख्या कंपनीने राणी माशाच्या लगद्याची सुरीमी करून परदेशात पाठवायला सुरुवात केली. समुद्रातून काढायचं किती यालाही अंत असतो, म्हणून तर २०१६ साली सरकारला पर्ससीन जाळ्यांवर बंधनं घालावी लागली. त्यावरून इथे किती रण पेटलंय ते सांगत बसले तर दुसराच लेख होईल. असो. आज हिशेब असा, की बंदीत बर्फातली सुरमई आणायची म्हटली तर त्या पैशात दोन-तीन कोंबड्या येतात. माशाच्या गावात मासा चैनीचा आणि कोंबडी काटकसरीची! सासऱ्यांना हे पटणं अवघड आहे, आणि मी त्यांना दोष देत नाही.

आता सासूबाईंचं 'हे आपलं नव्हे'.

पास्ता इटलीचा, हे खरं. पण तो ज्या गव्हाचा होतो तो ड्युरम. कडक, पिवळसर, चिवट. इटलीत तर १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता ड्युरमच्या रव्याचाच असावा लागतो. आणि हा ड्युरम आपल्या दख्खनला काही नवा नाही. बन्सी गहू, बक्षी गहू ही नावं जुन्या माणसांनी ऐकलेली असतील, ती ड्युरमचीच. खपली त्याच कुळातली, त्याहून जुनी. शेवयांना बन्सीचा रवा हवा असा घाटावरच्या बायकांचा हट्ट असायचा, कारण त्याची तार तुटत नाही आणि शिजली तरी गिचका होत नाही. नेमक्या याच गुणासाठी इटालियन माणूस ड्युरम मागतो! साठच्या दशकात मेक्सिकोतल्या बुटक्या जाती आल्या, पोळीच्या गव्हाने शेतं व्यापली आणि बन्सी मागे पडला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने मात्र ड्युरमवरचं काम सोडलं नाही. २०१८ मध्ये आलेला एमएसीएस ४०२८ हा त्यांचाच ड्युरम.

हे सगळं मी सासूबाईंना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पाकिटातला एक शिंपल्याच्या आकाराचा पास्ता तळहातावर घेतला. अंगठ्याचं नख त्यावरून फिरवलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर नखुली. यंत्रातली." त्यांचं माहेर कराडकडचं. तिथे लग्नघरात बायका जमून वळवट करायच्या. गव्हाच्या दाण्याएवढे गव्हले, मालत्या, बोटावर वळलेली बोटवी, नखाने दाबून केलेल्या नखुल्या. सुपात वाळवायच्या, डब्यात भरायच्या, रुखवतात मांडायच्या. इटलीतल्या बायका अंगठ्याने दाबून कानासारखा पास्ता करतात तो फोटो दाखवल्यावर त्या पाच मिनिटं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण आम्ही या खिरीत घालायचो. कोंबडीत नव्हे." मुद्दा त्यांनी सोडला नाहीच! तरी आमटीत शिजवलेल्या चकोल्या कोण खातं, हे मी विचारून घेतलं. त्यावर नुसतं हसल्या.

माझी पद्धत अगदी सोपी आहे. पाच जणांना हाडासकट अर्धा-पाऊण किलो चिकन. कांदा, आलं-लसूण, मिरी, चिमूटभर हळद, मीठ आणि दीड लिटर पाण्यात अर्धा तास मंद शिजवायचं. चिकन काढून हाडं वेगळी करायची. त्याच पाण्यात तीनशे ग्रॅम पास्ता घालायचा. तो दहा-बारा मिनिटांत होतो आणि पाणी बरंचसं पिऊन टाकतो. मग चिकन परत आत, दोन आमसुलं, आणि शेवटी अर्ध्या नारळाचं दाट दूध. त्यानंतर उकळी येऊ द्यायची नाही, दूध फाटतं. चीज लागत नाही, क्रीम लागत नाही. टोमॅटो मी घालत नाही, कारण जुलैत त्याचा भाव कुठे जाईल सांगता येत नाही. २०२३ चा जुलै आठवा! शिवाय नारळ आणि आमसूल ही जोडी सोलकढीने पारखून ठेवलेलीच आहे.

नारळाच्या दुधात कोंबडी आणि शेवया हे काही माझं डोकं नव्हे. ब्रह्मदेशात हा घरोघरचा पदार्थ आहे. १९४२ मध्ये जपान्यांच्या आक्रमणानंतर तिथून परतलेल्या भारतीयांनी तो इकडे आणला, आणि आज हॉटेलांत तो खाउसे म्हणून मिळतो. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ पासून १९१६ साली मरेपर्यंत आमच्याच रत्नागिरीत नजरकैदेत होता. थिबा पॅलेस रोज बघतो आम्ही.

यंदा सासूबाईंनी नखुल्या हाताने करून द्यायचं कबूल केलंय, कोंबडीत घालायला. अट एकच, रवा बन्सीचा हवा. रामआळीतली तीन दुकानं फिरून झाली, मिळाला नाही. कुणाला रत्नागिरीत किंवा चिपळुणात कुठे मिळत असेल तर नक्की कळवा. ३१ जुलैच्या आत मिळाला तर बरं.