कॉम्प्युटर चुकला, तुरुंगात माणसं गेली



१९९९ साली ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसांत 'होरायझन' नावाची हिशेबाची प्रणाली सुरू झाली. प्रणाली फुजित्सू कंपनीची, कोड बंदिस्त. थोड्याच दिवसांत गावोगावच्या पोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसायला लागली. करार असा, की तूट मास्तरानं खिशातून भरायची. कुणी घर गहाण टाकलं, कुणाचं दुकान गेलं. फोन केला तर उत्तर काय, सिस्टीम बरोबर आहे!

फुजित्सूकडे आतल्या आत चुकांची यादी होती. फालकर्कच्या कॅलेंडर स्क्वेअर शाखेत सापडलेली एक चूक मिटायलाच काही वर्षं गेली. गावातल्या मास्तराला या यादीचा पत्ता नव्हता. आणि ब्रिटिश कोर्ट काय धरून चालायचं? उलट सिद्ध होईपर्यंत कॉम्प्युटर बरोबर. आता कोडच बघायला मिळत नाही तर उलट सिद्ध करणार कसं?

२०१५ पर्यंत नऊशेहून जास्त लोक दोषी ठरले. सरे परगण्यातल्या सीमा मिश्रा २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात गेल्या. ॲलन बेट्स नावाचा मास्तर वर्षानुवर्षं भांडला, तेव्हा कुठे २०१९ मध्ये हायकोर्टानं मान्य केलं की होरायझनमध्ये दोष होते. २०२१ मध्ये ३९ जणांची शिक्षा एकदम रद्द झाली, त्यात मिश्राही होत्या. २०२४ मध्ये तर संसदेला खास कायदा करावा लागला.

मग कोड उघडा असला की सगळं आलबेल? तसंही नाही. ओपन-एसएसएल हा इंटरनेटवरची गुपितं जपणारा उघडा कोड. २०१२ मध्ये त्यात 'हार्टब्लीड' नावाची चूक शिरली आणि दोन वर्षं कुणाच्या ध्यानात आली नाही. अर्ध्या जगाचा भार त्या कोडवर, पण त्याला सांभाळणारी मोजकी माणसं आणि तुटपुंज्या देणग्या. उघड्या दारातून कुणी आत डोकावेलच असं नाही.

फरक पुढे दिसतो. ती चूक गुगलच्या आणि एका फिनिश कंपनीच्या संशोधकांना स्वतंत्रपणे सापडली. ७ एप्रिल २०१४ ला ती जाहीर झाली आणि दुरुस्त कोडही त्याच दिवशी आला. दुरुस्ती जगानं तपासली, नंतर मोठ्या कंपन्यांनी पैसाही घातला. चूक लपवून कुणाला चोर ठरवता आलं नाही.

आपल्याकडे सातबारा ऑनलाइन झाला, रेशन अंगठ्यावर आलं. सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं, असं धोरण केंद्रानं २०१५ मध्येच आणलंय. तेव्हा कुठल्याही खिडकीवर "सिस्टीममध्ये असंच दिसतंय" असं ऐकलं, तर हिशेब लेखी मागा, तक्रार नोंदवून पोच घ्या. सिस्टीमही चुकते. ती तपासायची सोय कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न आपणच विचारायचाय.